एका ठिपक्यात किती गुंठे?

"वरून हिरवं दिसतंय की हो तुमचं!"

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाने दडी मारलेला खरीप. आमच्या मामांची बाजरी गुडघ्याएवढी होऊन करपली होती, मूग शेंगेत भरलाच नव्हता. एका कार्यालयात ते चौकशीला गेले, मी गाडीवर घेऊन गेलो होतो. टेबलापलीकडच्या माणसाने कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे फिरवला, एका हिरवट डागावर बोट ठेवलं आणि हे वाक्य म्हटलं. मामा वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, ती ओढ्याकाठची वेडी बाभळ आहे. तिला कसला आलाय दुष्काळ?"

पलीकडचा माणूस हसला. वाईट नव्हता तो. पण फोटोपुढे त्याचाही इलाज नव्हता आणि आमचाही.

परत येताना मामा एवढंच बोलले, "पूर्वी तलाठी बांधावर यायचा. चहा पाजून का होईना, त्याला वावर दाखवता यायचं. आता आभाळाला काय दाखवू?"

ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. म्हणून हा आभाळातला डोळा नेमका आला कुठून, काय बघतो, काय बघू शकत नाही, हे मिळेल तसं वाचत गेलो. त्यातून जमलेला हा इतिहास. पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगतो. सवडीने वाचा.

(आणि हो, नेहमीचा खुलासा: मी केडगावचा म्हणजे नगरच्या, देवीच्या केडगावचा. दौंडजवळचं ते वेगळं. नकाशावर शोधतानाही लोक दरवेळी तिकडेच जातात!)

*

उंचावरून पाळत ठेवणं नगरकरांना नवीन नाही. पाथर्डी रस्त्याने गेलं की डोंगरावर तो अष्टकोनी, तीन मजली महाल दिसतो. आपण त्याला चांदबिबीचा महाल म्हणतो, पण ती कबर निजामशाहीतल्या सलाबतखानाची. वर चढून उभं राहिलं की सगळं नगर तळहातावर ठेवल्यासारखं दिसतं. कुठून फौज येतेय, कुठे धूळ उठतेय, सगळं कळावं अशी जागा. डोंगरी किल्ल्यांचा निम्मा अर्थ हाच. जो वर, त्याला आधी कळतं.

पण नगरच्याच इतिहासात दुसरी एक गोष्ट आहे. १८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने आपला भुईकोट किल्ला घेतला. बाहेरून किल्ला बघून तो चकित झाला होता म्हणतात, असा भक्कम तट. मग हल्ला कुठून करायचा, हे त्याला कळलं कसं? आख्यायिका अशी की भिंगारच्या देशमुखाने पैसे घेऊन तटाची कच्ची बाजू सांगितली. खरंखोटं तो देशमुख जाणे. पण गोष्टीतला मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढे तो वारंवार येणार आहे. बाहेरून दिसतं ते एक, आणि त्याचा अर्थ लावायला आतली माहिती लागते ते दुसरं.

*

आता थेट १९६० वर येऊ. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया एकमेकांवर डोळे वटारून बसलेले. रशियाकडे क्षेपणास्त्रं किती, हे अमेरिकेला कळत नव्हतं. यू-२ नावाचं फार उंचावरून उडणारं हेरगिरीचं विमान ते रशियावर पाठवत. १ मे १९६० ला रशियाने ते पाडलं आणि वैमानिक गॅरी पॉवर्स जिवंत सापडला. जगभर नाचक्की झाली.

त्याच वेळी अमेरिकेची एक गुप्त योजना चालू होती, नाव 'कोरोना'. (आपल्याला ते नाव साठ वर्षांनी वेगळ्याच कारणाने पाठ झालं.) कल्पना अशी की कॅमेराच उपग्रहावर बसवायचा. पण तेव्हा डिजिटल काही नव्हतं. फोटो निघायचे ते फिल्मच्या रिळावर, लग्नातल्या कॅमेऱ्यात असायचे तसल्या, फक्त मैलभर लांबीचा हिशेब. मग अंतराळातलं रीळ धुवायला खाली आणायचं कसं?

तर उपग्रहातून एक डबा खाली सोडायचा, त्याला पॅराशूट, आणि तो समुद्रावर तरंगत येत असताना विमानाने आकडा टाकून हवेतल्या हवेत झेलायचा! वाचताना गंमत वाटते, पण खरोखर असंच केलं. आधीचे डझनभर प्रयत्न फसले. कधी रॉकेट, कधी कॅमेरा, कधी डबा. शेवटी ऑगस्ट १९६० मध्ये प्रशांत महासागरावर, हवाई बेटांजवळ एका विमानाने पहिला फिल्मचा डबा झेलला. त्या एका रिळावर रशियाचा जेवढा प्रदेश आला, तेवढा आधीच्या यू-२ च्या सगळ्या फेऱ्यांत मिळून आला नव्हता.

पहिले फोटो धूसर होते, साधारण बारा मीटरच्या खालची वस्तू ओळखू यायची नाही. १९७२ ला योजना संपली तेव्हा ते दोन मीटरच्याही आत आले होते. १९७६ च्या डिसेंबरमध्ये केएच-११ हा उपग्रह गेला आणि फिल्मचा डबा झेलण्याचं युगच संपत आलं. फोटो विद्युत संदेश होऊन खाली येऊ लागले. आठवड्यांचं काम तासांवर आलं.

कोरोनाचे आठ लाखांहून जास्त फोटो १९९५ मध्ये अमेरिकेने खुले केले. आज पुरातत्त्वाचे अभ्यासक त्यात बुजलेले कालवे आणि जुनी गावं शोधतात. क्षेपणास्त्रं शोधायला काढलेला फोटो, त्यात सापडतंय बुडालेलं गाव. या विषयात असं नेहमी होतं. शोध लागतो लढाईसाठी, वापर होतो भलतीकडेच.

*

याचंच दुसरं उदाहरण, आणि हे थेट मामांच्या बाजरीपर्यंत येतं.

दुसऱ्या महायुद्धात तोफा आणि रणगाडे हिरव्या जाळ्यांखाली लपवत. विमानातून साध्या फोटोत जाळी आणि झाडी सारखीच दिसायची. मग एक खास फिल्म निघाली, जी डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड, म्हणजे अवरक्त प्रकाश टिपायची. जिवंत पान हा प्रकाश जोरात परत फेकतं. हिरवा रंग दिलेलं कापड तसं फेकत नाही. त्या फिल्मवर खरी झाडी लालभडक दिसायची आणि खोटी झाडी निळसर. लपलेला रणगाडा उघडा!

युद्ध संपलं आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की रोगट पानसुद्धा हा प्रकाश कमी फेकतं. म्हणजे रणगाडा शोधणारी फिल्म आजारी झाडही शोधेल.

भारतात हे पहिल्यांदा करून पाहिलं ते पी. आर. पिशारोटी यांनी, १९७० च्या सुमारास, केरळात. नारळाला मुळं कुजल्यासारखा एक रोग लागायचा. हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फोटो काढले आणि कुठली झाडं बिघडलीत ते वरून ओळखू आलं. भारतातल्या दूरसंवेदनाची, म्हणजे लांबून बघून जमिनीचा हिशेब मांडण्याच्या शास्त्राची, सुरुवात अशी नारळाच्या बागेत झाली.

आज दुष्काळ ठरवताना जो 'एनडीव्हीआय' नावाचा निर्देशांक वापरतात तो याच युक्तीवर चालतो. पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश खातं आणि पान अवरक्त प्रकाश परत फेकतं. दोन्हींची तुलना केली की जमिनीवर हिरवाई किती, याचा आकडा मिळतो. पण तो आकडा हिरवाईचा. बाजरीचा नव्हे. बाभूळ, गाजरगवत, ऊस, सगळं त्याला हिरवंच. इथे मामांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. उरलेलं अर्धं पुढे.

*

आपल्या उपग्रहांची गोष्ट मला गुंठ्यांत सांगायला आवडते. उपग्रहाचा फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. एका ठिपक्यात जेवढी जमीन मावते, तिचा एकच रंग. ठिपका जेवढा लहान तेवढं बारीक दिसतं.

भास्कर-१ हा आपला पहिला प्रायोगिक निरीक्षण उपग्रह ७ जून १९७९ ला रशियातून उडाला. त्यावर टीव्ही कॅमेरे होते आणि ठिपका जवळपास एक किलोमीटरचा. म्हणजे केडगावासारखं अख्खं गाव दोन-चार ठिपक्यांत आटोपलं!

मग १७ मार्च १९८८ ला आयआरएस-१ए गेला. कॅमेरे बनवले अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने. या केंद्राचे त्या वेळचे संचालक होते पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे. या उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका ७२.५ मीटरचा. हिशेब करा, एका ठिपक्यात बावन्न गुंठे, म्हणजे एक एकर बारा गुंठे. दुसऱ्या कॅमेऱ्याचा ठिपका त्याच्या निम्म्या लांबीचा, म्हणजे तेरा गुंठे. धरणात पाणी किती, जंगल किती तुटलं, गहू किती पेरला, हे पहिल्यांदा आपल्याच डोळ्यांनी दिसू लागलं.

२८ डिसेंबर १९९५, आयआरएस-१सी. यावरच्या काळ्या-पांढऱ्या कॅमेऱ्याचा ठिपका ५.८ मीटर. एक तृतीयांश गुंठा, म्हणजे साधारण एका छोट्या वन बीएचकेएवढा. त्या काळात जगातल्या नागरी उपग्रहांत एवढं बारीक कुणाचं नव्हतं. आपले फोटो अमेरिकन कंपनीमार्फत जगभर विकले जात होते. ज्या देशाला रॉकेटचं इंजिन द्यायला जग तयार नव्हतं, त्या देशाचे फोटो जग विकत घेत होतं.

हे कॅमेरे चालतात कसे? झेरॉक्सच्या दुकानात काचेखालून उजेडाची एक पट्टी सरकत जाते बघा. तसंच. कॅमेऱ्यात संवेदकांची एकच ओळ असते, उपग्रह पुढे सरकत जातो आणि ओळीमागून ओळ जमीन वाचत जातो. वेग किती? केडगावहून पुण्याला एसटीला अडीच-तीन तास लागतात. उपग्रहाला पंधरा-सोळा सेकंद. आणि तो येतो ठरल्या वेळेला. पिकं बघणारे बहुतेक उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातात, दरवेळी त्याच वेळेला, म्हणजे उन्हाची तिरीप सारखी राहते आणि मागच्या फोटोशी तुलना करता येते.

ठरल्या वेळेला येतो, हे नीट लक्षात घ्या. कारण त्याच्यावरच पोखरण घडलं.

*

डिसेंबर १९९५. नरसिंह राव पंतप्रधान. पोखरणच्या वाळवंटात अणुचाचणीची तयारी चाललेली. अमेरिकेच्या उपग्रहांनी ती हालचाल टिपली. बातमी अमेरिकेच्या वर्तमानपत्रात आली, राजदूत फ्रँक विस्नर यांनी दिल्लीत भेटून दबाव आणला. चाचणी थांबली.

भारताचं नुकसान झालं, पण एक शिकवणीही मिळाली. त्यांना काय दिसलं, यावरून आपल्या लोकांना कळलं की त्यांचा डोळा नेमका काय बघतो. ताज्या मातीचे ढीग, वाहनांच्या चाकोऱ्या, केबल टाकल्याच्या रेषा.

१९९८ ला वाजपेयी सरकार आलं आणि पुन्हा तयारी सुरू झाली. या वेळी लष्कराच्या ५८ इंजिनिअर रेजिमेंटने जे केलं ते शाळेत शिकवलं पाहिजे. काम बहुतेक रात्री. उजाडायच्या आत प्रत्येक यंत्र, प्रत्येक गाडी होती त्याच जागी परत, म्हणजे वरून बघणाऱ्याला वाटावं की इथलं काही हललेलंच नाही. उकरलेल्या वाळूचे ढीग वाऱ्याने होतात तशा आकाराचे करायचे. केबलवर वाळू पसरायची, झुडपं लावायची. वर जाळ्या. डॉ. कलाम, डॉ. चिदंबरम यांच्यासारखे शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात वावरत होते, खोट्या नावांनी. कलाम झाले होते मेजर जनरल पृथ्वीराज. भाभा अणुसंशोधन केंद्राचे तेव्हाचे संचालक आपले अनिल काकोडकर.

११ मे १९९८, दुपारी पावणेचार. जमीन हादरली. जगातली सर्वांत महागडी नजर डोक्यावरून फिरत असताना तीन स्फोट झाले आणि अमेरिकेला ते कळले दिल्लीच्या घोषणेनंतर.

नंतर अमेरिकेने चौकशी केली. निवृत्त ॲडमिरल डेव्हिड जेरेमाया यांची समिती नेमली. निष्कर्षाचा गाभा असा की दोष एकट्या कॅमेऱ्याचा नव्हता. भारत असं करणारच नाही, असं बघणाऱ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. निवडणुकीच्या जाहीरनाम्यात लिहिलेलं होतं, तरी. फोटो वाचायला माणसंही पुरेशी नव्हती.

म्हणजे बघा, डोळा सहाशे किलोमीटरवर आणि मोतीबिंदू खुर्चीत बसलेल्या माणसाला. वेलस्लीच्या गोष्टीतला मुद्दा परत तोच. दिसणं वेगळं, कळणं वेगळं.

*

वर्षभरात उलटा धडा आपल्याला मिळाला. १९९९, कारगिल. शिखरांवर घुसखोर येऊन बसले आणि पहिली खबर दिली ती मेंढपाळांनी. ५.८ मीटरच्या ठिपक्यात दगडांच्या आडोशाला बसलेला माणूस दिसत नाही, बंकरही धड दिसत नाही. शेती बघायला उत्तम असलेला डोळा सीमा बघायला अपुरा होता.

मग कामाने वेग घेतला. २२ ऑक्टोबर २००१ ला 'टीईएस' हा प्रायोगिक उपग्रह गेला, ठिपका एक मीटरचा. पुढे कार्टोसॅट मालिका. २००५ चा कार्टोसॅट-१ दोन कोनांतून फोटो घ्यायचा, त्यामुळे डोंगराची उंचीही मोजता यायची. २७ नोव्हेंबर २०१९ चा कार्टोसॅट-३, ठिपका पंचवीस सेंटीमीटर. साधारण एक वीत! एक एकर बारा गुंठ्यांपासून एका वितीपर्यंत, एकतीस वर्षांत.

तरी या डोळ्याला एक जुनं दुखणं आहे, ढग. साध्या प्रकाशावर चालणारा कॅमेरा ढगापलीकडे बघू शकत नाही आणि रात्री आंधळा. म्हणून रडारवाले उपग्रह लागतात. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यानंतर पाच महिन्यांत, एप्रिल २००९ मध्ये, रिसॅट-२ पाठवला तो त्यासाठीच. आपल्या भागात तर याची वेगळीच थट्टा आहे. आपण पर्जन्यछायेतले. जुलै-ऑगस्टमध्ये ढग रोज येतात, पाऊस काही पडत नाही. म्हणजे ते पीकही येऊ देत नाहीत आणि करपलेल्या पिकाचा फोटोही काढू देत नाहीत.

मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या वेळी इस्रोच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितलं की देशाच्या सुरक्षेसाठी किमान दहा उपग्रह अहोरात्र काम करत आहेत. त्याच्या आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, आणखी ५२ टेहळणी उपग्रहांच्या योजनेला केंद्राची मंजुरी मिळाली आहे. आपलं गाव लष्कराचं. रणगाड्यांचं प्रशिक्षण केंद्र, यांत्रिकी पायदळाचं केंद्र, वाहनांची संशोधन संस्था, के. के. रेंज. लहानपणापासून तोफांचे आवाज ऐकत मोठे झालेल्या आपल्याला या आकड्यांचा अभिमान वाटणारच, मलाही वाटतो.

*

पण या काळात आणखी एक बदल झाला, गाजावाजा न होता. जे फक्त सरकारांना दिसायचं ते सगळ्यांना दिसू लागलं.

१९९९ मध्ये 'इकोनॉस' हा खासगी उपग्रह गेला, एक मीटरचे फोटो, पैसे टाका आणि घ्या. २००५ मध्ये गुगल अर्थ आलं. ते आलं तेव्हा आठवतंय का, सायबर कॅफेत बसून प्रत्येकाने आधी आपल्या घराचं छप्पर शोधलं होतं! त्याच वर्षी राष्ट्रपती डॉ. कलाम यांनी जाहीर काळजी व्यक्त केली की संवेदनशील ठिकाणं अशी उघडी पडणं धोक्याचं आहे. ज्या माणसाने पोखरणला उपग्रहांना चकवलं, त्याला हे सगळ्यांत आधी कळणं साहजिक होतं.

कायदा मात्र मागून धावत राहिला. २००१ च्या धोरणात ५.८ मीटरपेक्षा बारीक फोटोंवर बंधन होतं, २०११ मध्ये ते एक मीटरवर आलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशे व भूस्थानिक माहितीवरचे बहुतेक परवाने भारतीय संस्थांसाठी काढूनच टाकले. कारण जे जगात कुठेही विकत मिळतं, त्याला आपल्याच माणसाला परवाना लावून उपयोग काय? लष्करी गुपितं असोत की कुणाचं अंगण, वरून बघण्याला आता दार राहिलेलं नाही.

तेव्हा प्रश्न बदलला. 'दिसतं का?' हा प्रश्न संपला. आता प्रश्न आहे, 'बघणारा कोण, त्याने काय अर्थ लावला, आणि तो चुकला तर विचारायचं कुणाला?'

*

आता मामांच्या वावराकडे परत.

केंद्राने २०१६ मध्ये दुष्काळाची नवी संहिता काढली. महाराष्ट्राने त्यावर २०१७ मध्ये शासन निर्णय काढला. आधी पावसाची तूट बघायची. मग हिरवाईचा निर्देशांक, पेरणी किती झाली, जमिनीतली ओल, पाणीसाठे. शेवटी तालुक्यातली दहा टक्के गावं निवडून प्रत्यक्ष शेतात जाऊन 'सत्यमापन' करायचं. आधीची पैसेवारी म्हणजे बराचसा मानवी अंदाज आणि मानवी ओळखीपाळखी, हे आपण जाणतो. त्यामानाने हे शास्त्रीय आहे, तालुक्या-तालुक्यांत सारखं माप लागतं. हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो.

२०१८ मध्ये याच पद्धतीने ३१ ऑक्टोबरला राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. पण यादी आली आणि ओरड झाली. यादीबाहेरच्या तालुक्यांतही कोरडी मंडळं होतीच. मग सरकारला नंतर तिथली महसूल मंडळं वेगळी जोडावी लागली. म्हणजे पहिल्या झटक्यात जे वरून दिसलं ते पुरेसं नव्हतं.

का नव्हतं? इथे ठिपक्याचा हिशेब येतो. आपल्याकडे वितीएवढा ठिपका बघणारा उपग्रह आहे खरा, पण तो अख्खा देश आठवड्या-आठवड्याला बघू शकत नाही. बारीक बघणारा डोळा अरुंद पट्टाच बघतो. दुष्काळासारख्या कामाला रुंद बघणारा, वारंवार येणारा डोळा लागतो, आणि त्याचा ठिपका मोठा असतो. या कामात बरीच वर्षं वापरात असलेल्या मोडिस या संवेदकाचा ठिपका अडीचशे मीटरचा. म्हणजे एका ठिपक्यात पंधरा एकरांहून जास्त जमीन.

महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा आहे १.३४ हेक्टर. सव्वातीन एकर म्हणा. म्हणजे एका ठिपक्यात साधारण चार-पाच शेतकरी. एकाचा विहिरीवरचा ऊस, एकाचा घास, एकाची करपलेली बाजरी, मध्ये ओढा, ओढ्याकाठी वेडी बाभळ. या सगळ्यांचा मिळून एकच रंग. सरासरी. हिरवट.

मामांचं वावर त्या ठिपक्यात होतं. बाभळीने त्यांची साक्ष खोटी पाडली.

यात उपग्रहाची चूक नाही. ज्या कामाला तो ठिपका केलेला आहे, तालुक्याचा अंदाज घ्यायला, ते काम तो चोख करतो. चूक आहे ती तालुक्याचं माप एका बांधावर लावण्याची. आणि ज्याच्या वावराबद्दल बोलणं चाललंय त्यालाच तो फोटो वाचता येत नाही, याची. पोखरणला अमेरिकेच्या खुर्चीतल्या माणसाने जे केलं तेच इथेही झालं. फोटोवर विश्वास ठेवला, फोटो वाचला नाही.

आणि हे वाढत जाणार आहे. पीकविम्यात २०२३ पासून भात-गव्हासारख्या पिकांच्या उत्पादनाच्या अंदाजात उपग्रहाच्या माहितीला निश्चित वजन दिलं गेलं आहे. कांद्याचं क्षेत्र अंतराळातून मोजण्याचा केंद्राचा कार्यक्रम २०१४ पासूनचा, आणि त्यात महाराष्ट्र आहे. म्हणजे नेप्तीच्या बाजारात गोणी उतरायच्या कितीतरी आधी दिल्लीला अंदाज असतो की यंदा कांदा किती. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा भाव कसे कोसळले ते आपण सगळ्यांनी बघितलं. ती बंदी उपग्रहामुळे आली असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो, माझ्या शेताची माहिती धोरण ठरवणाऱ्याला आधी आणि मला कधीच नाही, हे बरोबर नाही.

*

मग करायचं काय? नुसती तक्रार करायला ही पोस्ट लिहिली नाही.

युरोपचा सेंटिनेल-२ हा उपग्रह २०१५ पासून फिरतोय, २०१७ पासून त्याची जोडी झाली. त्याचा ठिपका आहे दहा मीटर बाय दहा मीटर. हिशेब करा... जवळपास बरोबर एक गुंठा! दर पाच दिवसांनी आपल्या डोक्यावर, आणि फोटो सगळ्या जगाला फुकट. इन्फ्रारेडसकट. आपला इस्रोचा 'भुवन' आहेच. कॉम्प्युटर येणारं एक पोरगं घरात असलं तरी ओढ्याकाठची बाभूळ वेगळी आणि बाजरी वेगळी करून दाखवता येते.

मी स्वतः मामांच्या वावराचे त्या वर्षीचे जुने फोटो नंतर काढून बघितले. ढग नव्हते अशा दोन तारखा मिळाल्या. ओढ्याची हिरवी रेघ आणि शेजारचं तांबूस वावर, इतकं स्वच्छ दिसत होतं की मामा बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "हे तेव्हा का नव्हतं आपल्याकडं?"

होतं. आपल्याला माहीत नव्हतं.

तर तीन साध्या गोष्टी सुचवतो. एक, आपल्या भागातल्या सत्यमापनाला कुठली गावं निवडली, कोण गेलं, काय नोंदलं, हे माहितीच्या अधिकारात मागता येतं. मागा. दोन, हंगामात आपल्या वावराचे तारखेनिशी फोटो बांधावरून काढून ठेवा, ई-पीक पाहणी वेळेवर करा. वरच्या फोटोला खालचा पुरावा लागतो. तीन, गावातल्या शिकलेल्या पोरांनी आपल्या शिवाराचे उपग्रह-फोटो काढून ग्रामसभेत लावावेत. आपल्याच तालुक्यातल्या हिवरे बाजारने पाऊस मोजून आणि पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची रीत घातली, जग बघायला आलं. त्यांनी खाली मोजलं. आपण त्याला वरचं जोडू.

चांदबिबीच्या महालावर परवा पुन्हा जाऊन आलो. संध्याकाळ होती. खाली नगर, पलीकडे केडगावच्या बाजूला वावरं होती तिथे आता नुसती छपरं. तिथून सगळं दिसतं, पण आमच्या मामांचं वावर कुठलं ते मला बोट दाखवून सांगता आलं नाही. त्यासाठी मामांनाच वर घेऊन यायला लागेल.